आधी जीबी, मग जोडी, मग वेग

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं कॉम्प्युटर जुळणीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. गेमिंगचं मशिन बनवून घ्यायला येणारी बहुतेक पोरं खुर्चीत टेकायच्या आधीच आकडा सांगून मोकळी होतात. ‘ताई, पस्तीसमध्ये बसवा.’ ‘चाळीसच्या वर एक रुपया नाही, पप्पांनी आधीच सांगितलंय.’ थोडं बोललं की त्या आकड्यामागचं घर दिसायला लागतं. कुणी बारावीनंतरच्या सुट्टीत मोबाईलच्या दुकानात काम केलेलं असतं, कुणाच्या आईनं भिशी उचललेली असते, कुणी जुना मोबाईल विकून त्यात भर घातलेली असते. ज्याच्याकडं दीड लाख आहेत त्याचं मशिन कसंही जुळवलं तरी पळतं. एक वस्तू कमी पडली तर दुसरी सांभाळून घेते. पस्तीस हजारांच्या मशिनला ती सवलत नसते. तिथं डोकं लावावं लागतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त डोकं लागतं ते रॅम ठरवताना.

प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, हे पोरांनी यूट्यूबवर बघून, मित्रांशी वाद घालून ठरवलेलं असतं. रॅम मात्र उरल्यासुरल्या पैशांत घ्यायची वस्तू समजली जाते. मग एक तर ती इतकी तोकडी घेतली जाते की चांगलं ग्राफिक्स कार्ड नुसतं वाट बघत बसतं, नाहीतर दिवे लागणाऱ्या चकचकीत रॅमवर जास्तीचे दोन हजार जातात आणि कार्ड एक पायरी खाली उतरतं. दोन्हीकडं नुकसान त्या पोराचंच.

रॅमचं काम समजलं की निम्मे प्रश्न तिथंच सुटतात, म्हणून मी ते प्रत्येकाला सांगते. आजच्या रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार, आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. हा भार झिरपत राहतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं पुसलं जातं. बदल्यात वेग मिळतो. रॅममधली गोष्ट प्रोसेसरला शंभरेक नॅनोसेकंदांत हाती लागते. चांगल्या एसएसडीला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो, आणि फिरत्या हार्डडिस्कला तर जवळपास लाखपट.

आता ‘जीटीए फाइव्ह’मध्ये गाडी भरधाव सोडलेली आहे असं समजा. पुढचा चौक, इमारती, माणसं, आवाज हे सगळं रॅममध्ये येऊन तयार असावं लागतं. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवर ढकलतं आणि गरज पडली की परत ओढून आणतं. त्या ओढाताणीत पडदा क्षणभर थिजतो, आणि पुन्हा सुरू होतो तेव्हा गाडी भिंतीत गेलेली असते. पोरगं म्हणतं, ‘कार्ड लॅग मारतंय.’ मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडते आणि मेमरीचा आलेख त्याच्यासमोर ठेवते. आलेख छताला टेकलेला आणि डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर कार्डाचा काही दोष नाही. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा, चांगला दिसत असताना मधूनमधून झटके बसणं, ही रॅम कमी पडल्याची जुनी ओळख आहे.

म्हणून पहिला प्रश्न: किती जीबी? हे खेळावर ठरतं, आणि खेळ बनवणाऱ्यांनी ते छापून दिलेलं असतं. ‘व्हॅलोरंट’ किमान ४ जीबी मागतो, ‘काउंटर-स्ट्राइक २’ ८ जीबी. २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या ‘जीटीए फाइव्ह’साठी ८ जीबीची शिफारस होती. ‘सायबरपंक २०७७’ची सुधारित यादी २०२३ मध्ये आली, तिच्यात किमान १२ आणि शिफारस १६ जीबीची आहे. हे आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवायचं की पोरं एकटा खेळ कधीच चालवत नाहीत. मागं विंडोज असतं, मित्रांशी बोलायला डिस्कॉर्ड असतं, क्रोममध्ये गाणं चालू असतं. एवढ्यातच तीन-चार जीबी सहज जातात. म्हणून आज गेमिंगचं मशिन १६ जीबीचं धरायचं. फक्त व्हॅलोरंटच खेळणार असेल आणि हात अगदीच आखडता असेल, तर ८ जीबीवर सुरुवात करायची, पण मदरबोर्डवर रॅमचा एक स्लॉट मोकळा ठेवून. पस्तीस हजारांच्या मशिनमध्ये ३२ जीबी घालायला मी स्वतःहून कधी सांगत नाही. तेवढे पैसे ग्राफिक्स कार्डात गेले तर डोळ्याला फरक दिसतो.

दुसरा प्रश्न जोडीचा. त्याचं महत्त्व समजवायला मला इचलकरंजीहून आलेले एक बापलेक नेहमी आठवतात. २०२३ ची गोष्ट. मुलाचं मशिन दुसरीकडून जुळवून घेतलेलं. प्रोसेसर रायझन ५, ५६००जी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम. ‘जीटीए फाइव्ह’ फुल एचडीवर रडतखडत चालायचा. वडील यंत्रमागावर कामाला. ते थेट मुद्द्यावर आले. ‘ताई, कार्ड केवढ्याला पडंल ते सांगा, हप्ता पाडून देतो.’

मी मशिनचं झाकण उघडलं. ५६००जीमधलं ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते सगळं काम याच रॅमवर भागवतं. ३२०० वेगाची एक डीडीआर४ रॅम सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल पुरवते. दोन स्लॉटमध्ये दोन रॅम बसवल्या की बोर्ड दोघींशी एकदम बोलतो, दोन चॅनल उघडतात आणि तो आकडा ५१.२ होतो. हे मी कागदावर काढून दाखवलं. वडिलांनी कागद बघितला, मशिन बघितलं आणि म्हणाले, ‘म्हणजे माग दाबून चालतोय, पण कांड्या भरून द्यायला एकच माणूस बसवलाय.’ याहून नेमकं मला कधी सांगता आलं नसतं.

त्याच कंपनीची, त्याच वेगाची आणखी एक ८ जीबी रॅम मी दुसऱ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ करून बसल्या. मशिन चालू करून सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये दोन्ही चॅनल दिसत असल्याची खात्री केली आणि खेळ मुलाच्या हातात दिला. त्याच चौकात, त्याच सेटिंगवर, चाळिशीत धडपडणारा एफपीएस साठी ओलांडून गेला. त्या वेळी तशी रॅम दीड हजाराच्या आसपास मिळत होती. कार्डाचा हप्ता पाडायची वेळच आली नाही. मुलगा खेळत राहिला आणि वडील त्याच्या पाठीशी उभं राहून पडद्याकडं बघत होते. पैसा योग्य जागी लागल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. या धंद्यात मला जे काही मिळालं त्यात तो चेहरा फार वर आहे.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर जोडीनं एवढी मोठी उडी येत नाही, कारण कार्डाला स्वतःची मेमरी असते. तरी प्रोसेसरला माल वेळेवर मिळतो आणि झटके कमी होतात. मग १६ जीबीची एकच घ्यावी की ८-८ ची जोडी, असं पोरं विचारतात. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर मी डोळे मिटून जोडी सांगते. कार्ड असेल, बोर्डला दोनच स्लॉट असतील आणि सहा महिन्यांत आणखी पैसे येणार असतील, तर १६ ची एक घेऊन ठेवणंही शहाणपणाचं ठरतं. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन रॅम लावताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट धरायचा. कित्येक मशिनमध्ये दोन्ही रॅम शेजारी-शेजारी कोंबलेल्या सापडतात. मग दोन रॅम असूनही चॅनल एकच चालतो. ती जागा बदलायला पैसे लागत नाहीत.

वेगाचा विचार मी तिसऱ्या नंबरवर करते. पेटीवर ३२००, ३६००, ६००० असे आकडे मोठ्या अक्षरात असतात आणि त्यांच्याच शेजारी बारीक अक्षरात सीएल १६, सीएल १८ असं लिहिलेलं असतं. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून माल हातात येईपर्यंत किती ठोके थांबावं लागतं तो आकडा. त्याला २००० ने गुणायचं आणि वेगानं भागायचं, की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल १६ चे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८ चे पण १०. डीडीआर५ मधल्या ६००० सीएल ३० चे सुद्धा १०. पण ३२०० सीएल २२ चे पावणेचौदा. थांबणं सारखं असलं तरी जास्त वेगाच्या रॅममधून एकूण माल जास्त वाहतो, हे खरंच आहे. पण मोठ्या आकड्याला भुलून बारीक आकडा सोडला तर पैसे जातात आणि हाती फारसं लागत नाही. हा हिशेब मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पोरांकडूनच करून घेते. एकदा स्वतः केला की कायमचा डोक्यात बसतो.

त्यातही बोर्ड किती वेग सोसतो हे आधी बघायचं. आय५, १०४०० प्रोसेसर आणि एच४१० बोर्ड ही आमच्याकडं सेकंडहँडमध्ये खूप फिरणारी जोडी. त्यावर रॅम २६६६ च्या वर चालतच नाही. तिथं ३६०० ची रॅम घेणं म्हणजे न वापरता येणाऱ्या वेगाचे पैसे मोजणं. याच्या उलट, बोर्ड सोसत असूनही ३२०० ची रॅम २४०० वर किंवा २६६६ वर चालताना मी रोज बघते, कारण मशिन जुळवणाऱ्यानं बायोस उघडलेलंच नसतं. चालू करताना डिलीटचं बटण दाबायचं, एक्सएमपी नावाची प्रोफाइल चालू करायची, एफ१० दाबून सेव्ह करायचं. एएमडीच्या नव्या बोर्डवर त्याच कामाला एक्स्पो म्हणतात. पेटीवरचा वेग त्यानंतर मिळतो. त्या वेगाचे पैसे गिऱ्हाइकानं आधीच भरलेले असतात, म्हणून तो चालू करून देणं हे मी जुळणीचाच भाग मानते.

दिव्यांबद्दल पोरांशी प्रेमानं बोलावं लागतं. काचेच्या कॅबिनेटमध्ये रंग बदलणारी रॅम त्यांना हवी असते, आणि पहिल्यावहिल्या मशिनबद्दलचा तो जीव मला समजतो. मी एवढंच म्हणते की ३२०० च्या डीडीआर४ ला दिवेही लागत नाहीत आणि जाड पत्र्याचं कवचही लागत नाही. तिनं साध्या हिरव्या पट्टीतसुद्धा वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. दिव्यांची पट्टी नंतर दोन-तीनशेत कॅबिनेटला लावता येते. ग्राफिक्स कार्ड पुन्हा-पुन्हा बदलता येत नाही.

सगळ्यात कमी पैशांत खेळायला बघणारी पोरं ऑफिसच्या लॉटमधून निघालेली जुनी मशिन आणतात. तिसऱ्या पिढीचा आय५, ३४७०, एच६१ बोर्ड, दोन स्लॉट, डीडीआर३. या मशिनला ८-८ च्या जोडीनं १६ जीबी लावता येते आणि एखादं साधं कार्ड जोडलं की बरेच खेळ बरे चालतात. पण डीडीआर३ च्या बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात. फक्त एएमडीच्या बोर्डवर चालणारी स्वस्त रॅम तिथं फिरते. इंटेलच्या बोर्डवर लावली की डिस्प्लेच येत नाही. जुन्या सर्व्हरमधून काढलेली रॅमही फार स्वस्तात दिसते, ती या बोर्डना चालत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. रॅम हातात धरून एका ओळीतल्या चिप मोजायच्या. साध्या रॅमच्या एका बाजूला ८ असतात. ९ भरल्या आणि मधोमध एखादी वेगळ्या आकाराची चिप दिसली, तर ती सर्व्हरची.

स्टिकरवर तर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. ते घरीसुद्धा छापता येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं माल येतो, तेव्हा वापरलेली प्रत्येक रॅम आधी खोडरबरनं पुसते. सोनेरी पट्ट्यांवरचा काळपटपणा निघाला की ‘डिस्प्ले येत नाही’ ही अर्धी तक्रार निघून जाते. मग सीपीयू-झेडमध्ये एसपीडीचं पान उघडून आतली माहिती स्टिकरशी ताडून बघते. शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावून मशिन रात्रभर चालू ठेवते. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम परत जाते. खराब रॅम लगेच मरत नाही, हाच तिचा त्रास. ती निळा पडदा दाखवते, ऐन मॅचमध्ये खेळ बंद पाडते, कॉपी केलेल्या फायली बिघडवते, आणि पोरगं विंडोज पुन्हा-पुन्हा टाकत बसतं. चांगली रॅम मात्र वापरून झिजत नाही. तपासून घेतलेली सेकंडहँड रॅम घ्यायला मी कधी कचरत नाही.

डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये आलं, आणि २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डवर तीच एक चालते. इंटेलच्या बाराव्या पिढीला डीडीआर४ चा बोर्ड वेगळा आणि डीडीआर५ चा वेगळा, म्हणून बोर्ड घेतानाच रॅमही ठरून जाते. दोघींची खाच वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावायचा नाही. एएम५ चं मशिन पहिल्यांदा चालू केलं की पडदा काही मिनिटं काळाच राहतो. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका, हे मी बिलावरच लिहून देते.

या सगळ्या हिशेबावर २०२५ च्या शेवटच्या महिन्यांनी घाव घातला. रॅमचे भाव पूर्वीही वर-खाली झालेत. जी ८ जीबी डीडीआर४ मी २०१८ च्या सुमाराला सहा-सात हजारांना विकली, तीच २०२३ मध्ये दीड हजारावर आली होती. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात आता त्यांची मोठी ताकद जाते, आणि घरच्या मशिनसाठी माल आटतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशियल या नावानं थेट गिऱ्हाइकांना रॅम विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. कमी पैशांत भरवशाची रॅम म्हणून हे नाव मी कितीतरी बिलांवर लिहिलेलं आहे. त्या दिवसांत सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी टिकत नव्हता. पैसे जमवून आलेल्या पोरांना ‘एवढ्यात बसत नाही’ म्हणून परत पाठवावं लागलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरचा भार गडहिंग्लजच्या एखाद्या मुलाच्या भिशीच्या पैशांवर यावा, हे मला आजही पटत नाही.

भाव चढले तरी माझा क्रम बदललेला नाही. उलट त्याची गरज वाढली. आता मी डीडीआर४ ची जुनी मशिन मोडीत काढू देत नाही. एएम४ च्या बोर्डवर तपासलेली सेकंडहँड ८-८ ची जोडी बसवून पोरांना खेळतं करते. आधीची ८ ची रॅम चांगली असेल तर ती ठेवून दुसरी जोडते. दोघींचा वेग वेगळा असला तर कमी वेगावर दोघी चालतात, आणि ते चालण्यासारखं आहे. ८ आणि १६ अशी विषम जोडीसुद्धा बहुतेक बोर्ड चालवतात; त्यातला सारखा भाग दोन चॅनलनी चालतो, उरलेला एका. आहे ते न टाकता त्यात भर घालणं हे कमी बजेटचं खरं बळ आहे.

ज्याच्याकडं मोजकेच पैसे आहेत त्यानं रॅम घ्यायच्या आधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. मी जो खेळ खेळणार आहे त्याला किती जीबी लागते? माझ्या बोर्डवर ही रॅम जोडीनं आणि पूर्ण वेगानं चालेल का? यात वाचलेले पैसे मशिनमध्ये दुसरीकडं कुठं लावले तर जास्त फरक पडेल? या तिन्हींची उत्तरं जो बिल करायच्या आधी, मशिन चालू करून समोर दाखवतो, त्याच्याकडूनच रॅम घ्यावी.